बंगल्यामागच्या खजुराची बी

१६ नोव्हेंबर, रविवार

मेरी, ही वही कोणाची आणि कशासाठी, हे तू पान उलटेपर्यंत विसरशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी तुझी आई. घोडेगावची. तुझा चष्मा तुझ्या डोक्यावर आहे, तो खाली डोळ्यांवर घे. गॅसवर दूध ठेवलं असशील तर बंद करून ये. मी थांबते.

आलीस? बरं.

फोनवर सांगितलेलं तू फोन ठेवला की विसरतेस, आणि या डोंगरात रेंज येते ती दारातल्या दारात परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी. म्हणून वही. मी बोलायचं, प्रार्थनाने लिहायचं, आणि ती राजूरला गेली की पानांचे फोटो तुला पाठवायचे. सासूने सुनेबद्दल बोलायचं आणि सुनेने ते स्वतःच्या हाताने लिहून घ्यायचं, असं सुख तुझ्या आजीलाही मिळालं नव्हतं. म्हणून पहिलं वाक्य मी हेच घातलं, की माझी सून कालवणात मीठ कमी टाकते. वाच गं, लिहिलंस का? लिहिलंय.

मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं कोणी शाळेतली बाई बोलतेय. म्हटलं, माझ्या तोंडची बोलणी तरी हायेत तशी ऱ्हाऊ दे. हो म्हणाली.

आता मुद्दा. अंगणात माझा पाय काय घसरला, तुझ्या भावाने, कृपादानने, उचलून मला इथे आणलं. स्वतः सुप्याच्या कारखान्यात. शनिवारी रात्री उगवतो, सोमवारी पहाटे मावळतो. प्रार्थना इथल्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर, मागे तिची दोन खोल्यांची क्वार्टर. थंडी अशी, की आंघोळीचं पाणी बादलीत पडता पडता निवतं. जेवायला भात, नाहीतर नागलीची भाकरी. काळी. खाताना आपण चुकून तवा खातोय असं वाटतं.

काल जेवताना मी म्हटलं, "जिथं खजूर उगवत न्हाई तिथं माझं मन लागायचं न्हाई." आपल्या दारातला खजूर तुझ्या बापाने लावलेला. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधल्या, चर्चच्या अख्ख्या मंडळीला झावळ्या आपल्या दारातून जातात. इथे सात घरांची मंडळी, मास्तरांच्या ओसरीवर उपासना, आणि गेल्या वर्षी यांनी प्लास्टिकच्या झावळ्या हलवल्या म्हणे. होसान्ना, मेड इन चायना!

प्रार्थना जेवताना बोलत नाही. काल बोलली. "आई, उगवला तर?"

"ह्या थंडीत? उगवून दाव बरं. झावळ्यांच्या रविवारापत्तुर एक जरी कोंब मातीच्या वर आला, तर मी जलमभर हितंच. न्हाई आला, तर तुमीच मला घोडेगावच्या गाडीत बसवायचं. मुकाट्यानं."

कृपादान हसला, हातावर हात मारला. प्रार्थना म्हणाली, "बी मात्र इथलंच घ्यायचं." घे बाई, कुठलंही घे.

मेरी, तुला म्हणून सांगते, मी जिंकायलाच पैज लावली आहे. माझी खाट आहे तिथेच ठेव. बाजरी पाच किलोच पाठव, जास्त नको. मागे राहिली तर इथे कोणी खाणार नाही.

(हे लिहू नको म्हटलं होतं. हिने लिहिलं.)

१९ नोव्हेंबर

इथे साहेबांच्या काळचा एक विश्रामबंगला आहे. त्याच्या मागे एकच खजूर, आकाशात गेलेला. कोण्या खानसाम्याने खाऊन टाकलेल्या बीचा असेल. इथला राखणदार गोरक्षनाथ म्हणतो, दर पावसाळ्यात फळं धरतात आणि पावसातच सडून पडतात, डुकरंही तोंड लावत नाहीत.

"ह्याचा बाप कोण?" मी विचारलं. नर झाड जवळ असल्याशिवाय बी धरायची नाही, एवढं मला कळतं.

"वढ्याला शिंदीची झाडं हायेत आजी. त्यातलाच कोनीतरी आसंल."

"म्हंजी बिनलग्नाचा संसार हाय म्हन की."

गोरक्षनाथ एवढा हसला की त्याची तंबाखू पडली. प्रार्थना मात्र खाली वाकून पाचोळ्यातून बिया वेचत होती, मोती सांडल्यासारख्या. ओंजळभर निघाल्या. बंगल्यात झावळ्या असून प्लास्टिक का, तर झाड उंच आणि चढणारा कोणी नाही.

निघताना गोरक्षनाथ हिला म्हणाला, "सिस्टर, तुमी आता संध्याकाळच्या येऊन बसत न्हाई व्हय पायरीवर? पहिले रोज एकट्या बसायच्या." ही म्हणाली, आता घरी आई आहेत. खरंच बिचारीला माझ्यामुळे बाहेर पडायला फुरसत राहिलेली नाही.

२४ नोव्हेंबर

बिया पाण्यात भिजवल्या, रोज पाणी बदललं, तरंगल्या त्या फेकल्या. राहिलेल्या बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या, खाली भोकं पाडून, राख आणि वाळू मिसळून. सगळ्या पिशव्या एका पाटीत, मधे भाताचा पेंढा, पाटी अंगणात उन्हाला. हरायची पैज आहे म्हणून काम वाईट करावं, असं माझ्या हाताला जमत नाही.

१२ डिसेंबर

मेरी, आज चमत्कार. अंगणात गवतावर पांढरं पडलेलं, माझी बोटं मिटत नाहीत, आणि पिशवीतल्या मातीत बोट घातलं तर कोमट! कणीक मळून ठेवल्यासारखी. तुझा बाप म्हणायचा, हिच्या हाताला ऊब हाय. खोटं नव्हता बोलत.

सुनेच्या हाताला ती नाही. तिच्या हातून वस्तू हरवतात. कृपादानने लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला दिलेली लोकरीची जांभळी शाल, हिने हरवली. विचारलं तर म्हणते, असेल कुठेतरी. नवऱ्याची शाल 'कुठेतरी'!

माझ्या गुडघ्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली आहे. झोपताना गुडघ्यावर असते, सकाळी नसते. म्हणते, रात्री दवाखान्यात लागते. लागू दे. पण आज पिशवीला भाताचा पेंढा चिकटलेला होता. मी विचारलं, "का गं, दवाखान्यात म्हशी बाळंत होतात व्हय?"

ही हसली नाही. लिहितानाही खाली बघतेय.

२६ डिसेंबर

नाताळ झाला. मास्तरांकडे उपासना, मग सगळ्यांना चहा-करंज्या. कृपादानने पाटीत डोकावून विचारलं, "काय आई, खजूर कधी खायला देतेस?" म्हटलं, तुझ्या नातवाला विचार.

काल दुपारी ही मागच्या दाराशी उंच दगडावर उभी राहून फोनवर बोलत होती. तिथेच तेवढी रेंज. मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. "मॅडम, दिवसा ठीक असतं हो, पण रात्री ऊब कमी पडते… मार्चपर्यंत टिकलं पाहिजे… एकदा धरलं की मग मला भीती नाही."

कुठल्यातरी वाडीवर अपुऱ्या दिवसांचं बाळ दिसतंय. हिच्यावर किती भार. मी काही विचारलं नाही, पण रात्रीच्या प्रार्थनेत त्या बाळाचं नाव घेतलं. म्हणजे नाव माहीत नाही, 'ते' म्हटलं. देवाला कळतं.

ही माझ्या शेजारी गुडघे टेकून होती. आमेन मोठ्याने म्हणाली.

१२ जानेवारी

काहीच नाही वर. माती तशीच सपाट. मला बसवेना. चार वेळा उठले, चार वेळा बसले. जेवण गेलं नाही. पैज जिंकतेय आणि जीव असा घुटमळतोय, याला काय म्हणावं? मेरी, मी उभ्या आयुष्यात लावलेलं काही वाया गेलेलं तुला आठवतंय? तुला काय आठवणार म्हणा.

शेवटी ही कामावर गेल्यावर एक पिशवी फाडली. बी तशीच्या तशी, टणक. पोटाला मात्र एक पांढरी, जाड, मऊ अळी चिकटलेली. हुमणी! म्हटलं, म्हणून उगवत नाही तर. नखाने ओढली आणि दगडावर चिरडली.

ही आल्यावर दाखवलं. तो दगड हातात घेऊन उन्हात गेली, किती वेळ बघत बसली. डोळे माझे अधू आणि बघायला वेळ हिला लागला.

"अशा अळ्या बाकीच्यांतही असतील का आई?"

"आसतील. उद्या समद्या फाडून बघते."

"नको!" एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारची कोंबडी उडाली. मग सावरून म्हणाली, "मी औषध घालते. तुम्ही हात लावू नका. एकाही पिशवीला."

आज तिने जेवणात मीठ टाकलंच नाही. मी आपलं वरून घेतलं.

१४ जानेवारी

शेजाऱ्यांकडून तिळगूळ आला. "बाळ कसंय गं?" मी विचारलं. "कुठलं?" मग जरा थांबून म्हणाली, "टिकलंय आई." देवाची कृपा.

८ फेब्रुवारी

वारा सुटलाय. पत्रे वाजतात, कौलं वाजतात, माझे गुडघे वाजतात. झोप पाखरासारखी, बसली न बसली की उडाली.

खरं बोलायला बसलेय तर बोलते. घोडेगावची आठवण येते. शुक्रवारच्या बाजाराचा तो गलका, म्हशींचे हंबरडे, दलालांची रुमालाखाली भाव करणारी बोटं. इथे दिवसभरात एक एसटी येते, तीही आल्याचा पस्तावा झाल्यासारखी लगेच वळते. मला जायचंय. आणि रोज उठल्याबरोबर पहिली त्या पाटीशी जाते, कोंब दिसतो का बघायला. दिसला तर मी अडकले. नाही दिसला तर माझा हात गेला. दोन्हीकडून मीच मरतेय, आणि पैज लावणारीही मीच.

हिला म्हटलं, "तुला काय वाटतं, उगवंल?"

"तुम्हाला काय हवंय आई?"

असा उलटा प्रश्न सुनेने विचारू नये. मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेता घेता झोप लागली, ते एक बरं झालं.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिने शेंगोळे केले. माहेर कर्जतचं, हुलग्याचे शेंगोळे म्हटले की हिच्या डोळ्यांत दिवे लागतात. इथे हुलग्याचं पीठ मिळत नाही, कोणाकडून वाटीभर मागून आणलं होतं. मी म्हटलं, "हुलगा आमच्याकडं बैलाला घालत्यात." तरी तीन वेळा घेतले. लिहिलंस? तीन नको लिहू. लिहिलं.

मी आल्यापासून ही दोन भाकरी खाते. पहिले अर्धी खायची, असं कृपादान म्हणाला. एकट्या माणसाला स्वयंपाकाचा कंटाळा येत असेल.

९ मार्च

नगरहून मास्तरांनी प्लास्टिकच्या झावळ्यांचं बंडल आणलं. गेल्या वर्षीच्या उंदरांनी खाल्ल्या म्हणे. उंदरांची धन्य आहे.

माझी पिशवी भरायला घेतली. लुगडी, बायबल (वाचता येत नाही, पण उशाशी लागतं), औषधं. ही दारात उभी. म्हटलं, "अगं अजून येळ हाय, मी नुसती लुगडी मोजतीय." ही पाण्याला गेली. पाणी भरलेलं होतं.

आता रात्री थंडी कमी झालीय, गुडघ्याची पिशवी सकाळीही खाटेवरच असते. म्हणजे ते बाळ सुधारलं. विचारलं तर म्हणाली, "हो आई, आता त्याला ऊब लागत नाही. पण तोंड काही दाखवत नाही."

लाजरं असेल.

२८ मार्च, शनिवार

उद्या झावळ्यांचा रविवार. कृपादान संध्याकाळीच आला, मित्राची गाडी घेऊन. तिघांनी बॅटरी लावून पाटी बघितली. माती सपाट.

"जिंकलीस आई," कृपादान म्हणाला. "सोमवारी सकाळी निघू. मेरीताईला कळवतो."

"कळव. तिला दोनदा कळव."

मला आनंद व्हायला हवा होता. भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली. प्रार्थना माझ्या लुगड्याची घडी परत परत घालत होती, घडी नीट असताना.

पान इथेच थांबवते. हिचं अक्षर आज वाकडं येतंय म्हणाली. मला काय, सरळ आलं तरी तेवढंच कळतं.

२९ मार्च

मेरी, आज बसून लिहिते. म्हणजे ही बसलीय, मी फेऱ्या मारतेय. नीट ऐक आणि एकदा तरी विसरू नको.

उपासनेहून आलो. हातात प्लास्टिक होतं, माझ्या हाताने ते हलेना, मी नुसती धरून उभी राहिले. घरी आल्यावर म्हटलं, जाण्याआधी त्या पिशव्या रिकाम्या करून जावं. हिला माती टाकायचा त्रास नको. ही चुलीपाशी, कृपादान गाडी धूत होता. मी पाटीत हात घातला आणि एक पिशवी उचलायला गेले. उचलेना. म्हटलं माझ्या हातातली ताकद गेली. दुसरी धरली. तीही आतून कोणी धरून ठेवल्यासारखी.

पेंढा बाजूला केला. खाली काहीतरी मऊ, ओलं. ओढलं.

जांभळं.

शाल होती ती. पाटीच्या तळाशी चार घड्या घालून ठेवलेली, पिशव्यांच्या खाली. पिशव्यांच्या भोकांतून पांढरी जाड मुळं बाहेर आलेली आणि लोकरीत घुसलेली, धाग्याधाग्यातून, सुईने शिवावीत तशी. वर काही नव्हतं, मेरी. हे झाड आधी खाली जातं. वर यायची त्याला घाईच नाही.

मी बसले जमिनीवर. मूळ हातात घेऊन बघितलं. पांढरं, मऊ, जाड. असंच मी जानेवारीत दगडावर चिरडलं होतं, हुमणी म्हणून. आणि ही तो दगड हातात धरून बसली होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती.

मग एकेक आठवायला लागलं. कोमट माती. पेंढा चिकटलेली पिशवी. रात्रीची कमी पडणारी ऊब. माझा हात, म्हणे! मी झोपले की ही पाटी आत नेत होती, मी उठायच्या आत बाहेर ठेवत होती, सगळा हिवाळा. आणि मी वाडीवरच्या बाळासाठी देवाला साकडं घालत होते. देव काय हसला असेल.

हाक मारली. "प्रार्थना, हिकडं ये."

आली. शाल माझ्या मांडीवर बघितली आणि जागच्या जागी थांबली, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी.

"ही तुझी शाल?"

"हो."

"नवऱ्यानं दिलेली?"

"हो आई."

"मग हरवली का म्हनालीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाटी रात्रीही बाहेर ठेवायला लावली असती."

लावलीच असती. तेवढी मी ओळखीची आहे तिला.

तेवढ्यात कृपादान हात पुसत आला. सगळं बघितलं, आणि पोरगं माझंच, नको तिथे हिशेबी. "पण आई, पैज कोंब वर यायची होती. वर तर काहीच नाही. तू जिंकलीसच की."

"तू गप रं. कारखान्यात नट पिळनाऱ्याला झाडातलं काय कळतंय? खाली आलं ते आलं. मातीच्या वर-खाली मी बगीन."

"आता गं! तूच म्हणाली होतीस—"

"म्या काय म्हनले ते वहीत हाय. वही हिच्याकडं हाय. आन् हिला काय वाचून दाखवायचं ते ही ठरवंल."

प्रार्थना हसली. मेरी, पहिल्यांदाच आवाज काढून हसली, आणि मग हसताहसता आत निघून गेली, बराच वेळ आली नाही. आता लिहितेय, नाक लाल आहे. थंडी म्हणते. मार्चात!

शाल सोडवायची नाही, असं मी ठरवलं. मुळं तुटतील. कात्रीने प्रत्येक पिशवीभोवतीची लोकर कापायची आणि लोकरीसकट रोप जमिनीत लावायचं. कृपादानने दुसरी शाल आणावी. ही जांभळी त्याची चूक होती, रंग विटतो. एक रोप मास्तरांच्या ओसरीपुढे, एक उपकेंद्राच्या दारात, बाकीची क्वार्टरमागे. नर किती, मादी किती, हे कळायला वर्षं लागतात. लागू देत. झावळ्या दोघांच्याही हलतात.

गाडी सोमवारी रिकामी येतेय तुझ्याकडे, म्हणजे कृपादानला घेऊन, मी नाही. माझी खाट उचलून शेळ्यांना मोकळी जागा कर. आणि येताना गाडी भरून पाठव: बाजरी पाच किलो नको, पोतं पाठव, आपल्या रानातली, चाळून. लसणाची एक माळ. हुलग्याचं पीठ चांगलं पायलीभर, बारीक दळून, डब्याला झाकण घट्ट लाव. ते माझ्यासाठी नाही, पण त्याचे शेंगोळे मीही खाईन. तीन वेळा. आणि मीठ. मीठ आठवणीने पाठव.